गुडघ्याच्या आतला माग

फलटण तालुक्यात गुडघ्यांना काम फार. वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके इथल्याच मैदानांवर पळून भारताच्या हॉकी संघात गेल्या. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत अडथळे ओलांडत धावली. सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला तिरंदाजीसाठी उतरला. त्याचा खेळ तेवढा गुडघ्यावर मेहेरबान. बाकी खो-खोचा खांब आहे, कबड्डीची चढाई आहे, तालमीतली माती आहे. शिवाय गाळप हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पालखी मार्गावर भरधाव दुचाक्या. या तालुक्यात वर्षभरात मुरगळणारे, आपटणारे, सुजणारे गुडघे कमी नसतात.

असा गुडघा दवाखान्यात पोचला की आधी फोटो काढतात. बऱ्याचदा निकाल येतो, ‘हाड शाबूत आहे.’ सोबत आलेल्यांचा जीव भांड्यात पडतो. गुडघा मात्र टम्म सुजलेला असतो आणि पाय टेकवत नाही. कारण गुडघ्याचा संसार हाडांवर फारसा चालतच नाही. मांडीच्या हाडाचे दोन गोल लंगर नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसते टेकलेले असतात. खुब्यासारखी खोल खोबण इथे नाही. सांधा जागेवर धरून ठेवतात ते चार लिगामेंट, दोन आत एकमेकांना छेदून गेलेले आणि दोन बाजूंना. मध्ये दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या. पुढे स्नायूच्या दोरीत ओवलेली वाटी. यातली वाटी सोडली तर एकही गोष्ट साध्या एक्स-रेत दिसत नाही.

त्यामुळे गुडघ्याच्या दुखापतीचं चित्र काढण्याचा इतिहास बराच काळ जे दिसतं त्यावरून न दिसणारं ओळखण्याचा इतिहास होता. तो चाळताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्यांनी ‘काय तुटलं’ एवढंच विचारलं त्यांना यंत्रानं थोडं सांगितलं. ज्यांनी ‘त्या क्षणी गुडघा कुठल्या बाजूला गेला’ असं विचारलं त्यांना पुष्कळ सांगितलं, आणि त्यातल्या एकाला तर यंत्राशिवायच सांगितलं.

तो पॅरिसचा शल्यचिकित्सक पॉल सेगाँ. १८७९ साली त्यानं गुडघ्यात रक्त साकळणाऱ्या दुखापतींवर लिहिलं. पद्धत सरळ आणि थोडी अंगावर येणारी होती. शवाचा गुडघा घ्यायचा, तो ठरावीक दिशेनं जोरानं पिळायचा, आणि मग उघडून आत काय झालं ते पाहायचं. नडगी आतल्या बाजूला पिळली की एक गोष्ट वारंवार घडते, हे त्याच्या लक्षात आलं. नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून, सांध्याच्या जरासं खाली, हाडाचा एक छोटा कपचा उपटून निघतो. त्या जागेला मोत्यासारखा चकाकणारा एक चिवट पट्टा चिकटलेला असतो आणि पिळ्यात तो कमालीचा ताणला जातो. हाड फुटत नव्हतं, पट्टा ते ओढून काढत होता. नखाएवढ्या त्या कपच्याला पुढे सेगाँचंच नाव मिळालं. जिवंत माणसाच्या कातडीखाली तो कपचा पाहायची सोय मात्र तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

ती सोय सोळा वर्षांनी झाली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत व्हिल्हेल्म राँटजेनला क्ष-किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यानं बायकोच्या हाताचा फोटो घेतला, बोटातल्या अंगठीसकट. त्याच वर्षी इंग्लंडात लीड्सला आर्थर मेयो रॉबसन या शल्यचिकित्सकानं एका खाणकामगाराच्या गुडघ्यात आतले दोन्ही लिगामेंट शिवले. गुडघ्यातल्या लिगामेंटची शस्त्रक्रिया आणि क्ष-किरणांचं चित्र एकाच साली जन्मले आणि पुढची कित्येक दशकं एकमेकांना ओळख न दाखवता राहिले. रॉबसननं जे शिवलं ते राँटजेनच्या किरणांना दिसत नव्हतं.

क्ष-किरण हिंदुस्थानात आले ते फार लवकर, आणि लढाईबरोबर. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी वायव्य सरहद्दीच्या डोंगरात एक्स-रेचं यंत्र नेलं आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. आपल्या मुलखात तेव्हा मिरज होतं. डॉ. विल्यम वान्लेस यांचं इस्पितळ तिथे १८९४ मध्ये उभं राहिलं, म्हणजे क्ष-किरणांच्या एक वर्ष आधी. पुढे दक्षिण महाराष्ट्रातल्या मोडक्या हातापायांची वाट पिढ्यान् पिढ्या मिरजेकडेच वळत राहिली. पण मोडकं हाड म्हणजे गावोगावी आधी हाडवैद्य. बांबूच्या कामट्या, लेप, कापडाची पट्टी. सरळ हाडाच्या मोडीत त्यांचा हात चालायचा. गुडघ्यात मात्र तो हात अनेकदा घात करून गेला. आत रक्त भरलेला सांधा चोळायचा नसतो.

एक्स-रेनं गुडघ्यासाठी जे केलं ते मुख्यतः हाडांसाठी. वाटी फुटली का, नडगीचा माथा खचला का, हे समजू लागलं. १९२९ मध्ये बोस्टनच्या कॉटन आणि बर्ग यांनी एका नव्या मोडीचं वर्णन केलं. मोटारीचा पुढचा भाग रस्त्यावरच्या माणसाच्या गुडघ्याला बाहेरून धडकला की नडगीच्या माथ्याची बाहेरची बाजू आत दबते. मोडीलाच मोटारीच्या भागाचं नाव पडलं. घडलं कसं, हा प्रश्न इथे पुन्हा आला होता, पण अजून हाडापुरताच.

साध्या एक्स-रेची एक युक्ती मला विशेष आवडते, कारण तिला खर्च शून्य आहे आणि ती हमखास चुकवली जाते. हाडाला सांध्याच्या आतपर्यंत जाणारी बारीक चीर गेली असेल तर हाडाच्या मगजातली चरबी त्या चिरेतून सांध्यात झिरपते. चरबी हलकी, त्यामुळे काही मिनिटांत ती साकळलेल्या रक्तावर येते, रश्श्यावर तर्री येते तशी. रुग्णाला पाठीवर झोपवून किरण आडवे, बाजूनं सोडले तर फोटोत वाटीच्या वर एक सरळ, सपाट रेघ दिसते. चीर दिसो न दिसो, ती रेघ दिसली म्हणजे हाड कुठेतरी फुटलेलं आहेच. पण गर्दीच्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवतात, किरण वरून सोडतात आणि रेघ नाहीशी होते. फोटो स्वच्छ येतो, अहवाल स्वच्छ येतो, आणि फुटलेल्या माथ्यावर माणूस चालायला लागतो.

आता सातारा जिल्ह्यातल्याच एका गुडघ्याकडे येतो. कुस्तीगीर खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. पुढचं ऑलिंपिक १९५६ चं, मेलबर्नचं. त्याआधी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनं त्यांची वाट अडवली.

१९५५ च्या सुमाराला महाराष्ट्रातल्या कुठल्याही डॉक्टरकडे अशा गुडघ्यासाठी काय होतं? दोन हात आणि एक्स-रे. हातांची विद्या हलकी नव्हती. लिव्हरपूलच्या मॅकमरे यांनी १९४२ मध्ये गादीची चाचणी छापली होती. गुडघा पूर्ण दुमडायचा, पाऊल पिळत हळूहळू सरळ करायचा, गादी फाटली असेल तर आत कट्ट वाजतं. आतला पुढचा लिगामेंट तपासायला गुडघा दुमडून नडगी पुढे ओढून पाहत. पण कसलेल्या पैलवानाच्या मांडीचे स्नायू ताठ झाले की ती नडगी ओढली जाते थोडीच! गुडघा किंचितच वाकवून तपासायची, बरीच भरवशाची चाचणी जोसेफ टॉर्ग यांनी आपले गुरू जॉन लॅकमन यांच्या नावानं छापली ती १९७६ मध्ये. म्हणजे खाशाबांच्या काळात कुस्तीगिराच्या गुडघ्यातली हाडाखेरीज कुठलीही दुखापत अंदाजावर चालायची. विश्रांती, शेक, पट्टी, आणि ‘बघू’.

त्यासमोर कुस्तीगीर विनेश फोगाटचा गुडघा ठेवून पाहावा. १७ ऑगस्ट २०१६, रिओ. चीनच्या सुन यानानशी लढताना तिचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पुढच्या वाटेवर एमआरआय होता, शस्त्रक्रिया होती, ठरवून केलेला व्यायाम होता. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२३ मध्ये पुन्हा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात ती पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. तिथे तिला अडवलं ते वजनानं, गुडघ्यानं नाही. पट काढताना प्रतिस्पर्ध्याचा गुडघाच धरायचा, हा कुस्तीतला डाव तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. दोन पैलवानांच्या नशिबातला सगळा फरक चित्राचा नाही. शस्त्रक्रिया, भूल, फिजिओथेरपी सगळंच बदललं. पण काय शिवायचं हे आधी दिसावं लागतं.

मधल्या काळात एक्स-रेनं एक अनपेक्षित काम करून ठेवलं होतं. १८९७ मध्ये ब्लँड-सटन या इंग्रज शल्यचिकित्सकानं लिहून टाकलं होतं की गुडघ्यातल्या गाद्या म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष. निरुपयोगी म्हटल्यावर फाटली की काढून टाकायची, अख्खी. पुढची पन्नासेक वर्षं ठिकठिकाणच्या फुटबॉलपटूंच्या, खाणकामगारांच्या, सैनिकांच्या गाद्या अशा निघत राहिल्या. माणूस लवकर चालू लागायचा, डॉक्टर खूश, रुग्ण खूश. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या इंग्रज डॉक्टरनं गाद्या काढलेल्या गुडघ्यांचे नंतरचे एक्स-रे जमवून बघितले. ज्या बाजूची गादी काढली त्याच बाजूला मांडीच्या हाडाचा लंगर चपटा झालेला, कडेला हाडाची धार वाढलेली, दोन हाडांमधली फट कमी झालेली. गादी एक्स-रेत कधीच दिसली नव्हती. ती नसल्याचा परिणाम दिसला. भार वाटून घेणारी वस्तू काढल्यावर हाड स्वतः झिजू लागलं होतं. तरीही अख्खी गादी काढायची सवय जायला आणखी तीसेक वर्षं लागली. शल्यचिकित्सकाचा हात फोटोपेक्षा सावकाश बदलतो.

तो हात बदलायला एक दुसरी वाट कामी आली, आणि ती पंगतीत मांडी घालून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना पटकन समजेल. जपानात लोक गुडघे मुडपून जमिनीवर बसतात. क्षयानं गुडघा ताठ झाला तर माणूस घरातल्या चटईवर, चहाच्या बैठकीत, कुठेच नीट बसू शकत नाही. ती नुसती व्याधी राहत नाही, लाजिरवाणी गोष्ट होते. ताठ होण्याआधीच आतला क्षय ओळखावा म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयात घालायची दुर्बीण एका शवाच्या गुडघ्यात घातली. कल्पना एकट्या त्यांची नव्हती. डेन्मार्कच्या नोर्डेनटोफ्ट यांनी १९१२ मध्ये बर्लिनच्या परिषदेत अशीच दुर्बीण दाखवली होती आणि स्वित्झर्लंडच्या बिर्खेर यांनी १९२१ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवरचा अनुभव छापला. पण युरोपात ती विझली, जपानात तेवत राहिली. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी एकामागून एक दुर्बिणी घडवल्या. एकविसावी, १९५९ ची, खरी कामाची ठरली. ४ मे १९६२ रोजी त्यांनी दुर्बिणीतून बघत गादीचा फक्त फाटलेला तुकडा कापून काढला आणि बाकीची गादी जागेवर ठेवली. टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये दुसऱ्याच कामासाठी टोकियोला गेले होते. ते ही विद्या शिकून पश्चिमेला घेऊन आले.

क्षयाच्या भीतीनं जन्मलेली दुर्बीण खेळाडूंच्या गुडघ्यांचं अवजार झाली. आज तालुक्याच्या गावातही ‘दुर्बिणीतून केलं’ हे शब्द ऐकू येतात. त्या दुर्बिणीची मर्यादाही तिच्याबरोबर आली. तिला सांध्याच्या आतला पृष्ठभाग दिसतो, हाडाच्या पोटात काय झालंय ते दिसत नाही. आणि बघण्यासाठी भोक पाडावं लागतं.

मधला एक टप्पा लवकर ओलांडतो. सांध्यात हवा किंवा औषध भरून एक्स-रे काढायची पद्धत १९०५ पासून होती. ती दुखायची, आणि एमआरआय आल्यावर मागे पडली. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या सीटी स्कॅनरखाली पहिला रुग्ण गेला, तो डोक्याचा. गुडघ्यात सीटी स्थिरावला तो नडगीच्या माथ्याच्या मोडीसाठी. १९७९ मध्ये टोरांटोच्या शाट्झकर यांनी या मोडींचे सहा प्रकार साध्या एक्स-रेवरून लावले होते. शल्यचिकित्सक आजही तोच क्रमांक बोलतात. पण माथा किती मिलिमीटर खचला, मागच्या बाजूला तुकडा आहे का, हे सीटीशिवाय ठरवायला कुणी धजत नाही. दुचाकी घसरून माथा चुरगळला असेल तर प्लेट कुठून बसवायची हे सीटीच ठरवतो.

एमआरआयनं मात्र प्रश्नच फिरवला. त्यात क्ष-किरण नाहीत. १.५ टेस्लाचा चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, आणि रेडिओलहरी. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला हलवायचं आणि तो परत जागेवर येताना काय सांगतो ते ऐकायचं. पॉल लॉटरबरचा पायाभूत लेख १९७३ चा. त्याला आणि पीटर मॅन्सफिल्डला नोबेल मिळालं २००३ मध्ये. भारतातला पहिला एमआरआय १९८६ मध्ये दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण खात्याच्या संस्थेत बसला. गुडघ्याची चित्रं जगात त्याच दशकात छापून येऊ लागली होती.

त्या चित्रात रंग उलटे वाटतात. एक्स-रेत हाड पांढरं. इथे धडधाकट लिगामेंट काळा, कारण त्याच्यातलं पाणी धाग्यांत घट्ट बांधलेलं असतं आणि फारसं बोलत नाही. निरोगी गादी म्हणजे काळा त्रिकोण. फाटलं, सुजलं, पाणी शिरलं की तिथे पांढरं उमटतं. वीस-पंचवीस मिनिटं धडधडत्या नळकांड्यात पाय न हलवता पडून राहायचं. आडवे, उभे, बाजूचे काप निघतात आणि रेडिओलॉजिस्ट ते पुढेमागे सरकवत वाचतो.

सगळ्यांना अपेक्षित होतं ते दिसलं: लिगामेंट, गाद्या, कूर्चा. त्याबरोबर कुणी मागितलं नव्हतं ते दिसलं. हाडाच्या आतच ढगासारखे पांढरे डाग. एक्स-रेत हाड निर्दोष, दुर्बिणीतून पृष्ठभाग निर्दोष, आणि आत मगजात सूज, रक्त, जाळीच्या बारीक काड्या मोडलेल्या. हाडाला बसलेला मुका मार. तो काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. सुरुवातीला हे डाग म्हणजे अहवालात लिहायची आणखी एक ओळ होती. २००० साली टिमथी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी ‘रेडिओग्राफिक्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्या डागांना दुखापतीच्या पाऊलखुणा म्हटलं. डाग कुठे आहेत त्यावरून गुडघा कसा वळला हे सांगता येतं, असा त्यांचा दावा. पाच आकृतिबंध त्यांनी मांडले.

ते पाचही आपल्या रस्त्यांवर आणि मैदानांवर लावून बघता येतात. खो-खोत खांबाला वळसा घालताना पाऊल मातीत रुतलं आणि अंग वळलं. पुढचा लिगामेंट तुटतो, नडगी क्षणभर पुढे सटकते, तिच्या माथ्याची मागची बाहेरची कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या लंगरावर आपटते आणि परत जागेवर येते. म्हणून डाग दोन, समोरासमोर. पोरगं सांगतं, ‘कुणाचा धक्का नाही, नुसतं कट्कन वाजलं.’ डाग त्याची साक्ष देतात. दुचाकीवरून समोर आदळून नडगीच्या पुढच्या बाजूला मार बसला तर डाग नडगीच्या पुढे, आणि तुटतो तो मागचा लिगामेंट. मोटारीत गुडघा पुढच्या फळीवर आदळतो तेव्हाही हेच. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर बाहेरून झडप पडली तर डाग बाहेरच्या लंगरावर, फाटतो आतल्या बाजूचा लिगामेंट. खड्ड्यात पाय जाऊन गुडघा उलटा, पुढे वाकला तर दोन्ही हाडांच्या पुढच्या कडांवर डाग. आणि वाटी बाहेर सटकून आपोआप परत बसली असेल तर वाटीच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या लंगराच्या पुढच्या अंगाला. या शेवटच्या प्रकारात वाटी सरकली होती हे रुग्णाला स्वतःला कळलेलं नसतं, असं अनेकदा घडतं. पडताना काय झालं हे माणूस विसरतो, घाबरून वेगळंच सांगतो. हाड ते काही आठवडे धरून ठेवतं.

सेगाँनं शवाचा गुडघा पिळून कपचा शोधला होता, सँडर्सनं डाग पाहून पिळा शोधला. वाट एकच, प्रवास उलटा. त्यातच २०१३ मध्ये बेल्जियमच्या लुव्हनमधल्या क्लास आणि बेलमान्स यांनी गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला असलेल्या एका लिगामेंटचं काटेकोर वर्णन केलं. ४१ शव-गुडघे उघडले, ४० मध्ये तो सापडला. वर्तमानपत्रांनी ‘शरीरात नवा अवयव सापडला’ म्हणून ठणाणा केला. तो सेगाँचा मोत्यासारखा पट्टाच होता, १३४ वर्षं जुना. त्यावर शल्यचिकित्सकांत अजून वाद आहेत, किती जाड, कितपत महत्त्वाचा. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. साध्या एक्स-रेत नडगीच्या बाहेरच्या कडेला तो नखाएवढा कपचा दिसला तर आतला पुढचा लिगामेंट बहुतेक वेळा तुटलेला असतो. म्हणजे ज्या फोटोवर ‘हाड शाबूत’ असं लिहून परत पाठवतात त्याच स्वस्त फोटोत कधीकधी उत्तर पडलेलं असतं.

म्हणूनच गुडघा दुखला की थेट ‘एमआरआय काढून या’ या पद्धतीवर माझा राग आहे. फलटणच्या खेड्यातल्या माणसासाठी तो नुसता काही हजारांचा कागद नसतो, बारामती, सातारा नाहीतर पुण्याची फेरी असते आणि बुडालेला रोजगार असतो. शिवाय एमआरआय जास्तही दाखवतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीपासून नव्वदीपर्यंतच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयखाली घातले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. साधारण पस्तीस टक्क्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या एकसष्ट टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. साठीच्या शेतकऱ्याचा गुडघा घसरून दुखला आणि चित्रात गादी फाटलेली दिसली, तर ती कालच्या घसरण्यानं फाटली की आयुष्यभर उकिडवं बसून, हे चित्र एकटं सांगत नाही. तिथेही डाग कुठे आहे, सूज किती, हे बघावं लागतं आणि माणसाला विचारावं लागतं.

उलट बाजूचा शहाणपणा कॅनडात ओटावाला तयार झाला. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नियम लावले, गुडघ्याला मार लागल्यावर एक्स-रे कुणाचा काढायचा. वय ५५ किंवा जास्त. फक्त वाटीवरच दाबल्यावर दुखणं. बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं. गुडघा काटकोनात न वाकणं. चार पावलं वजन टाकून चालता न येणं. यातलं एकही नसेल तर हाड मोडलं असण्याची शक्यता फारच कमी. हे तपासायला वीज लागत नाही. नियम हाडाच्या मोडीपुरता आहे, लिगामेंटला तो लागू नाही, हे लक्षात ठेवून तो कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

सोनोग्राफीचं काय, असं कुणी विचारेल. वाटीच्या वरची-खालची दोरी तुटली का, सांध्यात पाणी आहे का, हे ती छान दाखवते, आणि हातात धरायची यंत्रं परदेशात मैदानाच्या कडेलाही नेतात. आपल्याकडे ते सोपं नाही. गर्भलिंग निदानाला आवर घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. त्या कायद्याखाली सोनोग्राफीचं यंत्र नोंदलेल्या जागेला बांधलेलं आहे. सातारा-सांगलीत मुलींच्या जन्माचा इतिहास पाहता हा बंध मला योग्य वाटतो. खो-खोच्या पोरीच्या गुडघ्यासाठी यंत्र मैदानावर येत नाही, यामागे आणखी कितीतरी पोरी जन्मू शकल्या नाहीत हे कारण आहे.

एका दुखापतीत मात्र चित्राची वाट बघणंच धोक्याचं असतं. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर अनेक लिगामेंट एकदम तुटलेला गुडघा घरोघर चर्चेत आला. असा गुडघा बऱ्याचदा पूर्ण निखळलेला असतो, आणि दवाखान्यात येईपर्यंत आपोआप जागेवरही बसलेला असतो, एक्स-रे साफ. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य रोहिणी जाते, दोन्ही टोकांना जखडलेली. सांधा निखळला की ती ताणून फाटू शकते. १९७७ मध्ये ग्रीन आणि ॲलन यांनी अशा रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा आठ तासांच्या आत रोहिणी जोडली गेली त्यांचे पाय बहुतांशी वाचले होते, आठ तास उलटलेल्यांपैकी बहुतेकांचे कापावे लागले होते. फलटणहून पुणे शंभर किलोमीटरहून जास्त आहे.

म्हणून अशा गुडघ्यात सगळ्यात आधी पावलावरची नाडी. ती लागली तरी तेवढ्यावर सोडायचं नाही, कारण फाटकी रोहिणीही काही वेळ नाडी देते. रक्तदाबाचा पट्टा घोट्याला बांधायचा, मग दंडाला, आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. छोटा डॉप्लर असेल तर उत्तम. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर गुडघ्याचा एमआरआय बाजूला ठेवायचा. रुग्णाला थेट तिथेच पाठवायचं जिथे सीटी अँजिओग्राफी आणि रोहिणी जोडणारा शल्यचिकित्सक दोन्ही आहेत, आणि रुग्णवाहिका निघण्याआधी फोन करून ते दोन्ही आज जागेवर आहेत का हे विचारून घ्यायचं.